आईचा रिपोर्ट पाहिल्याशिवाय बाळ घरी नेऊ नका

प्रसूतीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आम्ही एखादे बाळ नवजात कक्षात हलवतो आणि दहा दिवस पेनिसिलिनची इंजेक्शने द्यावी लागतील असे सांगतो, तेव्हा आजीचा प्रश्न ठरलेला असतो. “डॉक्टरसाहेब, बाळ दूध पितंय, चांगलं रडतंय, वजनही भरलंय. मग एवढ्याशा जिवाला सुया कशाला?” प्रश्न रास्त असतो. उत्तर देणे मात्र अवघड असते, कारण उत्तर बाळाच्या अंगावर कुठेही दिसत नाही. ते बाळाच्या आईच्या रक्ताच्या रिपोर्टात असते, आणि प्रश्न विचारणारी आजी बहुतेक वेळा त्या आईची सासू असते. आईच्या परवानगीशिवाय तो रिपोर्ट तिला सांगण्याचा अधिकार मला नाही. “बाळाच्या रक्तात जंतू गेल्याची शंका आहे, औषध पूर्ण घेतले तर बाळ बरे होईल,” एवढेच मी सांगतो. ते खरेही असते.

हा आजार म्हणजे जन्मजात सिफिलिस. आईच्या रक्तातले जंतू वारेतून गर्भातल्या बाळापर्यंत पोहोचतात. लागण झालेल्या बाळांपैकी निम्म्याहून अधिक बाळे जन्मताना अगदी निरोगी दिसतात. लक्षणे पुढच्या काही आठवड्यांत, साधारण पहिल्या तीन महिन्यांत दिसू लागतात. तोवर बाळ घरी गेलेले असते, बारसे झालेले असते, आणि नाक वाहते म्हणून कोणी सर्दीचे थेंब तर अंगावर चट्टे आले म्हणून कोणी मलम देत असते. नुसते बाळाकडे पाहून हे निदान होईल, अशी अपेक्षा कोणीच ठेवू नये, डॉक्टरांनीही नाही.

खेड्यापाड्यांत या आजाराला ‘गरमी’ म्हणतात. जुन्या पुस्तकांत ‘उपदंश’ हा शब्द सापडतो. सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांच्या ‘भावप्रकाश’ या ग्रंथात ‘फिरंग रोग’ असे नाव आहे, कारण तो फिरंग्यांबरोबर आला असा समज होता. गंमत म्हणजे युरोपातही प्रत्येक देशाने या रोगाला शेजारच्या देशाचे नाव देऊन ठेवले होते. हा रोग कायम दुसऱ्याचाच असतो. आज ‘गुप्तरोग’ हा शब्द वापरला की वाचक पान उलटतो. हे आपल्या घरचे नव्हे, असे त्याला वाटते. शिवाय हा आजार आता संपला, असाही समज आहे. तो संपलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात जन्मजात सिफिलिसची सुमारे ७ लाख प्रकरणे झाली. त्यांतील सुमारे ३ लाख ९० हजार गर्भधारणांचा शेवट वाईट झाला: कुठे बाळ पोटातच दगावले, कुठे जन्मल्यावर काही दिवसांत गेले, कुठे अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे जन्मले, तर कुठे आजाराची लक्षणे घेऊनच आले. पोटात दगावलेल्या बाळांची संख्याच दीड लाखाच्या आसपास होती.

सिफिलिसचा जंतू फ्रिट्झ शॉडिन आणि एरिक हॉफमन या जर्मन संशोधकांनी १९०५ साली शोधला. पुढच्याच वर्षी ऑगस्ट वासरमन यांची रक्तचाचणी आली. १९४३ मध्ये पेनिसिलिनने हा आजार बरा होतो हे सिद्ध झाले. गेल्या ऐंशी वर्षांत कितीतरी जंतूंनी आमची औषधे निकामी केली, पण या जंतूला पेनिसिलिनला दाद न देणे अजून जमलेले नाही. जंतू माहीत आहे, चाचणी स्वस्त आहे, औषध जुने आणि खात्रीचे आहे. तरीही बाळे आजारी जन्मतात, म्हणून हा लेख.

लागण झालेल्या बाईला बहुतेक वेळा काहीच माहीत नसते. सुरुवातीला संसर्गाच्या जागी एक फोड किंवा जखम होते. ती दुखत नाही. बायकांमध्ये ती आतल्या भागात असल्याने दिसतही नाही, आणि काही आठवड्यांत उपचारांविनाच भरून येते. नंतर कधी अंगावर, तळहातांवर, तळपायांवर पुरळ येते, थोडा ताप येतो आणि तेही आपोआप जाते. त्यानंतर जंतू शरीरात वर्षानुवर्षे गुपचूप बसून राहतो. लागण नवी असताना गर्भ राहिला तर बाळाला धोका सर्वाधिक असतो, पण जुनी लागणही बाळापर्यंत पोहोचू शकते. उपचार न झालेल्या सिफिलिसमध्ये निम्म्याहून अधिक गर्भधारणांना काही ना काही इजा पोहोचते. म्हणूनच ‘हिला काही त्रास नाही’, ‘चांगल्या घरातली आहे’ या गोष्टींवरून कोणाची तपासणी करायची हे ठरवता येत नाही. प्रत्येक गरोदर स्त्रीची, पहिल्याच भेटीत, शक्यतो पहिल्या तीन महिन्यांत तपासणी व्हायला हवी.

तपासणी दोन प्रकारची असते. जुनी आणि सर्वांना नावाने माहीत असलेली म्हणजे व्हीडीआरएल, आणि तिचीच सोपी बहीण आरपीआर. दुसरा प्रकार थेट या जंतूविरुद्धची प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचण्यांचा: टीपीएचए, तसेच बोटाला सुई टोचून वीसेक मिनिटांत निकाल देणारी झटपट पट्टी. आता एकाच पट्टीवर एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही तपासता येतात. व्हीडीआरएलची एक गोष्ट वाचकांना सांगण्यासारखी आहे. ही चाचणी जंतूला शोधतच नाही. बैलाच्या हृदयातून वेगळ्या केलेल्या कार्डिओलिपिन नावाच्या स्निग्ध पदार्थाशी रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडे चिकटतात का, एवढेच ती पाहते. त्यामुळे मलेरिया, कुष्ठरोग, ल्यूपससारखे आजार, क्वचित नुसते गरोदरपण यातही ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. उलट, रक्तात प्रतिपिंडे फारच जास्त असतील तर न पातळ केलेल्या नमुन्यात ती खोटी निगेटिव्हही येते. म्हणूनच संशय दाट असेल तर लॅबला नमुना पातळ करून पुन्हा पाहायला सांगावे लागते. ‘व्हीडीआरएल पॉझिटिव्ह’ एवढ्या दोन शब्दांवरून घरात भांडण सुरू करू नये, आणि ‘निगेटिव्ह’ या एका शब्दावर सगळी भिस्तही ठेवू नये.

पण गरोदरपणात खात्रीच्या दुसऱ्या चाचणीची वाट पाहत उपचार थांबवायचे नाहीत. नेमक्या इथेच आपल्याकडे बायका हातातून सुटतात. सकाळी रक्त दिले, रिपोर्ट परवा मिळेल, डॉक्टर गुरुवारी बसतात. ज्या बाईची रोजंदारी बुडते, जिला एसटीने दीड तास लागतो, ती गुरुवारी येत नाही. आली तर केसपेपर सापडत नाही. झटपट पट्टीचा खरा फायदा तिच्या अचूकतेत नाही, वेळेत आहे: तपासणी, समुपदेशन आणि पहिले इंजेक्शन एकाच फेरीत होते. उपचार न लागलेल्या एखादीला एक इंजेक्शन जादा गेले तर फारसे बिघडत नाही. लागणाऱ्या एखादीला ते मिळाले नाही, तर बाळ जाऊ शकते.

औषध म्हणजे बेंझाथिन पेनिसिलिन, २४ लाख युनिट, कमरेत खोल. लागण अलीकडची असल्याची खात्री असेल तर एकदा. जुनी असेल किंवा कधीची ते माहीत नसेल तर आठवड्याच्या अंतराने तीन वेळा. आपल्याकडे कधीची ते क्वचितच कळते, म्हणून बहुतेकींना तीन. इंजेक्शन दुखते, दाट असते, सुईत अडकते. दोन्ही बाजूंना अर्धे अर्धे दिले तर सुसह्य होते. पहिल्या डोसानंतर काही तासांत थंडी वाजून ताप येऊ शकतो, क्वचित पोटात कळा येतात किंवा बाळाची हालचाल मंदावते. मरणाऱ्या जंतूंमुळे येणारी ही प्रतिक्रिया असते. त्या दिवशी बाईला लक्ष ठेवायला सांगावे, पण या भीतीने औषध टाळू नये.

खरी अडचण वेगळीच आहे. पेनिसिलिनच्या रिअॅक्शनची दहशत आमच्या व्यवसायात एवढी खोल बसली आहे की अनेक ठिकाणी हे इंजेक्शन द्यायला कोणी धजावतच नाही. “मोठ्या दवाखान्यात जा” असे लिहून बाईला पुढे धाडले जाते. तीव्र रिअॅक्शन येऊ शकते, हे खरे. पण ती फार क्वचित येते, आणि अॅड्रेनालिनची कुपी व ते वापरणारा माणूस जवळ असेल तर ती हाताळता येते. संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा बिघडलेल्या मुलांना हेच इंजेक्शन आम्ही वर्षानुवर्षे दर तीन आठवड्यांनी देत आलो आहोत. दुसरी अडचण पुरवठ्याची. औषध इतके स्वस्त आहे की ते बनवण्यात कोणाला फारसा नफा नाही. त्यामुळे बनवणारे मोजकेच, आणि जगभरात अधूनमधून त्याचा तुटवडा पडतो. अशा वेळी एखादा डॉक्टर अॅझिथ्रोमायसिनच्या गोळ्या लिहून देतो. तसे करू नये. गोळ्यांनी आईची जखम भरेल, पण ते औषध वार ओलांडून बाळापर्यंत पुरेसे पोहोचत नाही, आणि त्याला न जुमानणारे जंतूही आता आहेत. गर्भातल्या बाळासाठी पेनिसिलिनला पर्याय नाही. अॅलर्जी खरोखरच असेल तर रुग्णालयात भरती करून, अगदी थेंबाथेंबाने मात्रा वाढवत शरीराला सवय लावून पेनिसिलिनच द्यावे लागते.

आणि वेळ. शेवटचे चार आठवडे उरण्याच्या आत आईला इंजेक्शन मिळाले असेल, तर बाळ सुरक्षित राहण्याची शक्यता चांगली. त्यानंतर दिले, अर्धवट दिले, दुसरेच औषध दिले, तर बाळावर उपचार झालेच नाहीत असे आम्ही धरतो.

नवऱ्याचा विषय टाळता येत नाही. गरोदर बाई दवाखान्यात येते म्हणून तिची तपासणी आधी होते, आणि जिचा रिपोर्ट आधी आला ती आरोपी ठरते. तिच्या नवऱ्याने आयुष्यात कधी रक्त तपासलेले नसते, त्यामुळे त्याचे चारित्र्य आपोआप शुद्ध. लागण कोणाकडून कोणाला झाली, हे कुठलीही चाचणी सांगत नाही. लागण लग्नाच्या कितीतरी आधीची असू शकते. मी दोघांना एकत्र बसवून (सासू-सासऱ्यांना बाहेर थांबवून, आणि बाईने आधी होकार दिला असेल तरच) हे सांगतो. बहुतेक नवरे ऐकतात. बाळ वाचवायचे आहे म्हटल्यावर चिडलेला माणूसही हात पुढे करतो. त्याचे उपचार झाले नाहीत तर बायकोला तीन इंजेक्शने देऊनही आठव्या महिन्यात पुन्हा लागण होऊ शकते. दोघांचे उपचार पूर्ण होईपर्यंत संबंध टाळावेत. शासकीय रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये ही तपासणी आणि औषधे मोफत मिळतात, नावाची वाच्यता होत नाही. पाटी वाचून आत जायला लाज वाटते, हे मला ठाऊक आहे. पुरुषांनी ती लाज थोडी आवरावी.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट परदेशी पुस्तकांत सापडत नाही. पहिले बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटीभरण होते आणि मुलगी माहेरी जाते. सासरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातली आशाताई, तिथली लॅब, तिथला रिपोर्ट सगळे मागे राहते. माहेरच्या दवाखान्यात “सगळ्या तपासण्या झाल्यात, नॉर्मल आहेत” असे तोंडी सांगितले जाते. ऊसतोडीला जाणाऱ्या बीडच्या बायकांचे, वीटभट्टीवरच्या मजूर बायकांचे तर आणखी कठीण: दिवाळीच्या आसपास गाव सुटते, आणि बाळंतपण कुठल्या जिल्ह्यात, कधी कुठल्या राज्यात होईल ते कोयता जिथे असेल त्यावर. पहिले इंजेक्शन गावी झाले, उरलेली दोन कोणी द्यायची? म्हणून माता-बाल संरक्षण कार्ड बाईसोबत फिरले पाहिजे. त्यावर रक्तगट आणि हिमोग्लोबिनच्या जोडीला सिफिलिसच्या तपासणीचा निकाल, आणि इंजेक्शन दिले असेल तर प्रत्येक डोसाची तारीख लिहून घ्या. लिहिली नसेल तर मागा. एचआयव्हीच्या तपासणीची शिस्त आपल्याकडे बऱ्यापैकी बसली आहे. त्याच सुईने काढलेल्या रक्तात सिफिलिस पाहायचे मात्र अजूनही राहून जाते.

पहिल्या तिमाहीतला निगेटिव्ह रिपोर्ट नऊ महिने पुरत नाही. मधल्या काळात लागण होऊ शकते. नवरा बाहेरगावी राहत असेल, दोघांपैकी कोणाला दुसरा लैंगिक आजार असेल किंवा आधी तपासणी झालीच नसेल, तर सातव्या-आठव्या महिन्यात आणि प्रसूतीच्या वेळी पुन्हा तपासावे. माझे वैयक्तिक मत विचाराल तर सरसकट सगळ्यांचीच शेवटच्या तिमाहीत दुसरी तपासणी व्हावी. वीस मिनिटांची तर गोष्ट आहे.

आता बाळाकडे. जन्मजात सिफिलिसची दिसणारी लक्षणे अशी: नाकातून सतत पाणी, कधी रक्तमिश्रित, तळहात-तळपायांवर फोड येऊन सालपटे निघणे, पोट फुगलेले, यकृत-प्लीहा वाढलेली, लांबलेली कावीळ, रक्त कमी. एक लक्षण आईलाच आधी कळते: बाळ एक हात किंवा पाय हलवत नाही आणि कपडे बदलताना त्याला हात लावला की किंचाळते. हाड मोडल्यासारखे किंवा लकवा मारल्यासारखे वाटते. खरे कारण हाडांच्या टोकांना आलेली सूज असते, आणि ती एक्स-रेत दिसते. असे बाळ हाडवैद्याकडे चोळायला नेऊ नका.

लक्षणे नसलेल्या बाळाचे निदान मात्र आकड्यांवर चालते. आईची प्रतिपिंडे वारेतून बाळात येतात, त्यामुळे बाळाची चाचणी नुसती पॉझिटिव्ह आली म्हणून बाळाला लागण झाली असे होत नाही. रक्त किती पट पातळ केले तरी व्हीडीआरएल पॉझिटिव्ह राहते, तो आकडा (आम्ही त्याला टायटर म्हणतो) आई आणि बाळ दोघांचा, एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने काढायचा. आईचा १:४ आणि बाळाचा १:१६, म्हणजे चौपट किंवा त्याहून जास्त, तर बाळाने स्वतः प्रतिपिंडे तयार केली आहेत, लागण आहे. पण चौपट नाही म्हणजे लागण नाही, असा उलटा अर्थ काढता येत नाही. बाळाचे रक्त शिरेतून घ्यावे. नाळेतले घेतले तर त्यात आईचे मिसळून निकाल फसवा येतो. गरजेप्रमाणे हाडांचे एक्स-रे, रक्तपेशींची मोजणी आणि पाठीच्या मणक्यातले पाणी तपासले जाते. या शेवटच्या तपासणीला नातेवाईक घाबरतात, “पाठीतलं पाणी काढलं की मूल अधू होतं” हे कोणीतरी सांगितलेले असते. तसे होत नाही. जंतू मेंदूपर्यंत गेला आहे का, हे समजायला ती लागते.

लागण झालेल्या किंवा दाट शंका असलेल्या बाळाला दहा दिवस पेनिसिलिन. मध्ये एका दिवसापेक्षा जास्त खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून दहा दिवस मोजावे लागतात, म्हणून “सहा दिवस झाले, आता सुट्टी द्या” ही विनंती आम्ही मान्य करत नाही. उपचार न झालेल्या मुलांत पुढे वर्षानुवर्षांनी डोळ्याचे बुबुळ पांढरे पडणे, बहिरेपण, समोरचे दात खाच पडलेले येणे, नाकाचा पूल बसणे असे परिणाम दिसतात. शाळेत ऐकू येत नाही म्हणून आणलेल्या दहा वर्षांच्या मुलाला तेव्हा दिलेले पेनिसिलिन त्याचे ऐकणे परत आणेलच असे नाही.

ज्या बाळांचा कोणी रिपोर्ट मागत नाही, त्यांच्याबद्दलही लिहिले पाहिजे. पोटात दगावलेले बाळ जन्मले की घरचे लवकरात लवकर अंत्यविधी उरकतात, बाईला घरी नेतात, आणि “नशिबात नव्हतं” म्हणून विषय बंद होतो. पाच महिन्यांनंतर बाळ पोटात दगावले असेल तर त्या आईची सिफिलिसची तपासणी झाल्याशिवाय तिला सुट्टी देऊ नये, घरच्यांनीही नेऊ नये. दोन-तीन वेळा असेच झालेल्या बाईला देवऋष्याकडे नेण्याआधी तर नक्कीच.

हे सगळे जमते का? क्यूबाला २०१५ मध्ये, थायलंडला २०१६ मध्ये आणि आपल्या शेजारच्या श्रीलंकेला २०१९ मध्ये आईकडून बाळाला होणाऱ्या एचआयव्ही व सिफिलिसच्या निर्मूलनाची मान्यता जागतिक आरोग्य संघटनेने दिली. सिफिलिससाठीची एक अट अशी: दर १ लाख जिवंत जन्मांमागे जन्मजात सिफिलिसची प्रकरणे ५० किंवा त्याहून कमी. श्रीलंकेकडे कुठलेही गुप्त औषध नव्हते. तिथल्या सुईणी घरोघरी जातात आणि नोंदी नीट ठेवतात. उलट अमेरिकेत २०२२ साली ३,७०० हून अधिक बाळांना हा आजार झाला, दहा वर्षांपूर्वीच्या दहापटीहून जास्त. तिथल्याच रोगनियंत्रण केंद्राने म्हटले की वेळेवर तपासणी आणि उपचार झाले असते तर दहापैकी जवळपास नऊ प्रकरणे टळली असती.

घरी गेल्यावर काय, हा प्रश्न उरतो. आईने बाळाला दूध पाजावे; स्तनावर जखम असेल तर तेवढ्यापुरते त्या बाजूने थांबावे. लसी नेहमीच्या वेळापत्रकाप्रमाणे. दर दोन-तीन महिन्यांनी बाळाचा टायटर पाहायचा. तो फक्त आईकडून आलेला असेल तर तीन महिन्यांत उतरतो आणि सहा महिन्यांत शून्यावर येतो. तसे झाले नाही तर पुन्हा तपासणी आणि उपचार. टीपीएचए मात्र वर्ष-दीड वर्ष पॉझिटिव्ह राहू शकते, त्याने घाबरून जाऊ नये. पुढच्या वेळी दिवस गेले की आधीच्या बाळंतपणाचे सगळे कागद घेऊन पहिल्या महिन्यातच या. एकदा बरा झालेला सिफिलिस नव्याने होऊ शकतो, आणि जुना टायटर समोर असला तर आताची लागण नवी आहे की आधीचीच खूण उरली आहे, हे आम्हाला तिथल्या तिथे ठरवता येते.